बसेलकाकांची ट्रॉली

"नाही" हा शब्द बसेलकाकांच्या तोंडून निघालेला मी कितीतरी वर्षं ऐकला नव्हता. लोखंडी कपाट दाखवा, वालाची पोती दाखवा, लग्नातून परतणारी बायकामुलं दाखवा, काका गाडीभोवती एक चक्कर मारत, मागच्या ट्रॉलीच्या फळीवर तळहाताने थोपटत आणि म्हणत, "बसंल." थोडं सरकवून, थोडं आडवं करून, कधी दोरीने बांधून ते खरोखरच बसायचं. त्यांचं खरं नाव पेणमधल्या आमच्या आळीत फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. बाबांच्या फोनमध्येही ते 'बसेल रोहा' म्हणूनच होते.

काका राहायचे अष्टमीला, रोह्याचा पूल ओलांडला की लगेच. त्यांच्याकडे एक पांढरी व्हॅन होती आणि व्हॅनच्या मागे हुकाला जोडायची दोन चाकांची ट्रॉली. ट्रॉली त्यांनी कोलाडच्या एका लोहाराकडून बनवून घेतली होती आणि तिच्यावर त्यांचा व्हॅनपेक्षा जास्त जीव होता. आमचा पेणला गणपतीचा कारखाना. बाबा मूर्ती करायचे, मी डोळ्यांची आखणी करायचे, आणि तयार मूर्ती रोह्याच्या दुकानांपर्यंत न्यायचं काम बसेलकाकांचं. मी शाळेत होते तेव्हापासून हे असंच चालत आलं होतं. पावसाळा लागला की बाबा आधी साचे बघायचे, मग रंग बघायचे आणि मग काकांना फोन लावायचे.

कारखान्यात सगळेच मूर्तींना 'माल' म्हणत. काकांना ते आवडायचं नाही. ते म्हणायचे 'मंडळी'. भाताचा पेंढा मुठीमुठीने मूर्तींच्या मध्ये कोंबताना ते हळू आवाजात विचारत, "मंडळी, अडचण नाय ना?" ट्रॉलीत त्यांनी फळ्यांचे दोन मजले केले होते. खालच्या मजल्यावर मोठे गणपती, वरच्या मजल्यावर लहान. दुकानात पहिल्यांदा उतरवायचे ते सगळ्यात मागे. भरून झालं की ताडपत्री ओढायची, दोरी आवळायची, आणि मग ती थोपटण्याची सवय. जणू ट्रॉलीला सांगत असावेत की आता निघायचं.

रस्त्यात कोणी हात केला की गाडी थांबलीच म्हणून समजा. वडखळला कोणी भाजीची पाटी घेऊन उभी असायची, नागोठण्याला कोणी शिफ्ट सुटून घरी निघालेला. मी पुढे बसलेली असायचे, कारण दुकानात पोचल्यावर एखाद्या मूर्तीचा रंग खरवडला असला तर तो तिथेच दुरुस्त करायला लागायचा. माझ्या मांडीवर रंगांची पेटी, शेजारी एखादी अनोळखी मावशी, मागे तिची पाटी आणि तिच्या मागे दोन माणसं. एकदा मी काकांना म्हटलं, की एखाद्याला नाही म्हटलं तर काय होईल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी काहीतरी अभद्र बोलले आहे असं मलाच वाटलं.

याचं कारण मला काकींकडून कळलं. काका घरात सगळ्यात धाकटे. भाऊ, चुलतभाऊ, येणारीजाणारी अशी मोठी पंगत असायची आणि ओटीवर जागा थोडी. दरवेळी ह्यांनाच ऐकायला लागायचं, जागा नाय रे, तू मागनं बस. काकी हसत हसत सांगत होत्या, पण मधेच थांबून म्हणाल्या, "मागनं बसला का आमटीत नुसता पाणी उरायचा गो. म्हनून ह्यांना जागा नाय हा शब्दच सोसत नाय." त्यानंतर मी तो प्रश्न काकांना पुन्हा विचारला नाही.

मग बाबांनी शाडूची माती धरली. आधी आमच्या बहुतेक मूर्ती प्लास्टरच्या असायच्या. हलक्या, पोकळ, एका हाताने उचलता येतील अशा. लोक शाडूच्या मूर्ती मागू लागले, नियमही बदलत होते, आणि बाबांना तर मुळातच मातीची ओढ. एका वर्षात त्यांनी जवळजवळ सगळा कारखाना शाडूवर आणला. मूर्तींची उंची तीच, साचे तेच, रोह्याची दुकानं तीच. ट्रॉलीतले कप्पेही तेच. काकांनी नेहमीसारखी चक्कर मारली, थोपटलं, म्हणाले, "बसंल." आणि सगळ्या मूर्ती जिथल्या तिथे बसल्या. फक्त उचलताना आमची कंबर जास्त भरून आली, एवढंच काय ते वेगळं. त्याचा कोणी विचार केला नाही.

पेणहून नागोठण्यापर्यंत गाडी जड वाटते आहे असं काका एकदोनदा म्हणाले. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये व्हॅन घुमत होती. भिसे खिंड चढून गेलो आणि रोह्याच्या बाजूचा उतार लागला. पाऊस नुकताच थांबला होता. एका वळणानंतर मागून कोणीतरी गाडीचं शेपूट धरून हलवावं तसं झालं. आधी हलकेच, मग जोरात. ट्रॉली डावीकडे गेली की व्हॅनचं तोंड उजवीकडे वळायचं, आणि लगेच उलटं. काकांनी ब्रेक दाबला तर झोका आणखी वाढला. समोरून एक ट्रक वर चढत येत होता. मी डोळे मिटले नाहीत, मिटायला हवे होते हे नंतर सुचलं. काकांनी ब्रेकवरचा पाय काढला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं आणि गाडीला तिच्या मनाने जाऊ दिलं. ट्रक आमच्या अगदी जवळून गेला. पुढे उतार कमी झाला, झोकेही हळूहळू कमी झाले, आणि रस्त्याकडेच्या खडीत गाडी उभी राहिली.

आम्हाला दोघांनाही काही झालं नव्हतं. माझा गुडघा पुढे आपटला होता, तेवढंच. काका उतरले, ताडपत्री सोडली आणि एकेक मूर्ती बघत गेले. एका गणपतीचा आशीर्वादाचा हात निखळला होता. तो त्यांनी पेंढ्यातून शोधून काढला, धोतराच्या सोग्यात गुंडाळावा तसा रुमालात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. मग ते एका दगडावर जाऊन बसले. ट्रॉलीच्या चाकांकडे बघून म्हणाले, "बसंल का, एवढंच मी बघत आलो, बाय. गाडी वडंल का, ते कधी इचारलंच नाय."

रोह्यापर्यंतचा राहिलेला रस्ता आम्ही बैलगाडीच्या वेगाने पार केला. त्या दिवशी वाटेत एका बाईने हात केला. काका थांबले, उतरले, तिची क्षमा मागितली आणि तिच्यासाठी रिक्षा मिळेपर्यंत तिच्याजवळ उभे राहिले. मग पुन्हा गाडीत येऊन बसले.

त्या वर्षीचे उरलेले गणपती बाबांनी टेम्पोने पाठवले. काकांनी ट्रॉली अंगणात लावून ठेवली ती गौरी-गणपती होऊन गेले तरी हलवली नाही. शेवटी मीच त्यांना घेऊन पेणच्या एका सर्व्हिस सेंटरवर गेले. तिथल्या इंजिनिअरनी व्हॅनची माहिती काढून सांगितलं, की या गाडीने मागे ओढायचं ते सगळं मिळून साडेसातशे किलोपर्यंत. काका खूश झाले, म्हणाले, मग ठीक आहे, आपण तेवढंच भरतो. त्यावर इंजिनिअरनी समजावलं, की सगळं मिळून म्हणजे ट्रॉलीचं स्वतःचं लोखंडसुद्धा त्यातच आलं. आम्ही ट्रॉली वजनकाट्यावर नेली. फळ्यांच्या दोन मजल्यांसकट ती रिकामीच तीनशेच्या वर भरली. राहिलेल्या वजनात प्लास्टरच्या मूर्ती आरामात जात होत्या. शाडूच्या तेवढ्याच मूर्ती म्हणजे जवळजवळ दुप्पट भार होता.

इंजिनिअर तरुण होते पण घाईचे नव्हते. ट्रॉलीच्या मागच्या टोकाला त्यांनी काकांनाच उभं राहायला सांगितलं. काका चढले तशी ट्रॉलीची पुढची दांडी वर उचलली गेली. मागे जड झालं की ती व्हॅनचं मागचं अंग असंच उचलते आणि मग डुलायला लागते, ते म्हणाले. म्हणून जड सामान चाकांच्या वर आणि किंचित पुढे ठेवायचं, शेवटाला हलकं. शिवाय ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत, म्हणजे थांबवायचं सगळं व्हॅनलाच. व्हॅनमध्ये माणसं आणि पाट्या बसल्या की तिच्या ताकदीतला वाटा ती खातात, मागे ओढायला तेवढं कमी उरतं. हे ऐकताना काका जमिनीकडे बघत होते. वाटेत घेतलेली सगळी माणसं त्यांना आठवत असणार. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय झालं. ते म्हणाले, "काय नाय. इतकी वर्सं देवानं वडली असंल." आणि मग हसले. त्या हसण्याने माझ्या मनावरचं ओझं उतरलं, कारण त्याआधीचे कितीतरी दिवस ते हसले नव्हते.

पुढच्या मोसमात वेगळेच काका आमच्या कारखान्यात आले. ट्रॉलीचा वरचा मजला त्यांनी काढून टाकला होता. फळ्यांचं वजन कमी झालं तेवढ्या मूर्ती जास्त नेता येतील, हा हिशेब त्यांचा त्यांनीच केला होता. मूर्ती उचलून बघायचे, मनाशी काहीतरी पुटपुटायचे, मोठी मंडळी चाकांवर, लहान मागे. आणि मधेच हात वर करून म्हणायचे, "बस झाला." ट्रॉलीत अजून जागा दिसत असायची. बाबांना ती रिकामी जागा बघवत नसे. ताडपत्री ओढायच्या आधी ते एखादी मूर्ती उगाच उचलून ट्रॉलीजवळ आणून ठेवत. काका ती परत नेऊन मांडणीवर ठेवत. दोघांचं हे मुकाट्याने चालायचं.

मूकपण मोडलं ते हरतालिकेच्या आदल्या दिवशी. रोह्याच्या एका मंडळाची मोठी मूर्ती बाबांनी त्या वर्षी पहिल्यांदाच शाडूत केली होती. ती आणि शेवटच्या घरगुती मूर्ती, सगळं त्या दिवशी पोचायला हवं होतं. मोठी मूर्ती ट्रॉलीत चढवायला सहा माणसं लागली. ती मधोमध बसल्यावर चहूबाजूंना चांगली जागा उरली आणि बाबा लहान मूर्ती आणायला वळले. काकांनी त्यांना थांबवलं. ही एकटीच जाणार, बाकीच्यांसाठी दुसरी खेप करतो, असं म्हणाले. बाबांनी आभाळाकडे बोट दाखवलं. पाऊस धरला होता, दुकानदारांचे फोन सकाळपासून वाजत होते.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मी व्हॅनमध्ये बसायचं नाही, एसटीने यायचं.

बाबांचा इतका वेळ दाबलेला राग वर आला. ते म्हणाले, "माझी पोर एसटीने जाणार आणि एवढी मोकळी गाडी पुढे जाणार? तुला झालंय तरी काय? सगळ्या जगाला घेतलंस, आम्हालाच जागा नाही?"

हे शेवटचे शब्द काकांना कसे लागले असतील ते मला आणि काकींनाच कळलं असतं. बाबांना पंगतीची गोष्ट माहीत नव्हती. काकांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ते म्हणतील, बसंल. पण त्यांनी हुकाची साखळी पुन्हा एकदा ओढून बघितली आणि बाबांकडे वळून सावकाश म्हणाले, "जागा हाय, अण्णा. ताकद नाय. तू रागाव, पन मी नाय नेनार."

बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी दुसरी गाडी बघतो. काका म्हणाले, बघ. आणि गाडी सुरू केली.

मी रंगांची पेटी घेऊन स्टँडवर गेले. रोह्याची एसटी लगेच मिळाली आणि मला ड्रायव्हरच्या मागची पहिली जागा मिळाली. नागोठणं सोडलं आणि खिंडीच्या चढावर आमची बस काकांच्या ट्रॉलीच्या मागे येऊन पोचली. वर ताडपत्रीचा उंच डोंगर, खाली दोन चाकं, आणि पुढे व्हॅन आपल्या चालीने चढत होती. बसच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही, अंतर ठेवून मागे राहिला. पाऊस एवढा होता की वायपरच्या एका फेरीत जेवढं दिसेल तेवढंच खरं.

खिंड ओलांडून उतार लागला. एका वळणावर व्हॅन दिसेनाशी झाली आणि पुन्हा दिसली तेव्हा तिचे मागचे लाल दिवे लागलेले होते. पलीकडे रस्त्यावर लाल माती आणि एक झाड आडवं आलं होतं. दरड तेव्हाच उतरली असावी, माती अजून हलत होती. माझे डोळे ट्रॉलीवर खिळले होते. ती आता वळेल, आता डुलेल, आता व्हॅनला ढकलत त्या मातीत घालेल. ट्रॉली हलली नाही. व्हॅनच्या मागे सरळ रेषेत राहून ती हळू झाली, आणखी हळू झाली, आणि झाडाच्या फांद्या पुढच्या काचेला टेकायच्या आत उभी राहिली. आमची बसही थांबली. बसमध्ये कोणीतरी देवाचं नाव घेतलं.

मी पावसात धावत गेले. काका काच खाली करून बसले होते. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "थांबली बघ." नव्या माणसाची ओळख करून द्यावी तसं त्यांनी ते सांगितलं. मी भिजत तिथेच खिडकीला धरून उभी राहिले आणि माझे डोळे भरून आले, ते पावसामुळे कोणाला दिसले नाहीत.

मी बाबांना फोन लावला. दरड, झाड, गाडी थांबली, एवढं सांगितलं. मूर्ती कशी आहे असं ते विचारतील, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "तो कसा आहे?" मी म्हटलं, बरे आहेत. बाबा म्हणाले, त्याला सांग, आज दुसरी खेप नको. दुकानदारांशी मी बोलतो. उद्या दोन खेपा करू, आणि आधी गरम चहा पी म्हणावं.

मागे फिरून कोलाडवरून वळसा घालत मूर्ती मंडळात पोचली. दुसऱ्या दिवशी पहाटे काका पेणला आले तेव्हा बाबा आधीच अंगणात उभे होते. नमस्कार नाही, कालचा विषय नाही. बाबांनी एक मूर्ती उचलली, ट्रॉलीत चढले आणि विचारलं, "ही कुठे ठेवू? चाकांवर की मागे?" काकांनी जागा दाखवली. दोघांनी मिळून ट्रॉली भरली. 'बस झाला' हे त्या दिवशी बाबाच आधी म्हणाले, आणि काकांनी हसून आणखी एक लहानशी मूर्ती आत घेतली. मी व्हॅनमध्ये बसायला गेले नाही. एसटीचे सुटे पैसे बाबांनी न सांगता माझ्या हातावर ठेवले.

दुसरी गाडी बाबांनी कधीच बघितली नाही. पुढे काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, ऑपरेशन चांगलं झालं, पण घाटात गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना फार वाईट वाटेल. ते म्हणाले, आता तू चालव. मी कारचं लायसन्स काढलेलं होतं, पण मागे ट्रॉली घेऊन कधी गेले नव्हते. अख्खा उन्हाळा काकांनी मला रोह्याजवळच्या वरसे गावातल्या मोकळ्या रस्त्यावर रिकामी ट्रॉली लावून मागे घ्यायला शिकवलं. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जायची आणि मी चिडायचे. ते शेजारी बसून म्हणायचे, तिच्याशी भांडू नको गो, तिला वेळ दे. काकांनी व्हॅन आणि ट्रॉली बाबांना दिली. बाबांनी कागद माझ्या नावावर केले.

काका आता काकींना घेऊन मुलीकडे राहायला गेले आहेत, चिपळूणला. फोनवर बोलतात, तिथल्या पावसाच्या तक्रारी करतात. जायच्या आधी त्या वर्षीच्या पहिल्या खेपेला ते माझ्याबरोबर आले. त्यांचं वजन धरून मी दोन मूर्ती कमी भरल्या होत्या. ते त्यांच्या लक्षात आलं. पेण सुटेपर्यंत त्यांची नजर माझ्या हातांवर होती. वडखळपर्यंत आरशावर. मग त्यांनी खिडकीला डोकं टेकलं. नागोठण्याचं वळण घेताना मी त्यांना काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही. बघितलं तर काका झोपले होते. तोंड किंचित उघडं, हात पोटावर सैल. इतक्या वर्षांत मी त्यांना गाडीत डुलकी घेताना कधी पाहिलं नव्हतं.

मी खिंड चढले, खिंड उतरले. समोरून ट्रक आले आणि गेले. अष्टमीला त्यांच्या दारात गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं तरी ते उठले नाहीत. काकी हात पुसत बाहेर आल्या. मी उतरून हळूच दार लावलं. काकींनी खिडकीतून आत बघितलं, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, निजू दे.